भाषा बदलली, पुढच्या पानावर पुन्हा मराठी: पत्त्यातून भाषा बदलणाऱ्या साइटचं जुनाट दुखणं

"भाऊ, पुन्हा मराठी झालं."

रावेर तालुक्यातल्या एका केळी उत्पादक गटाच्या साइटबद्दल हा निरोप मला वर्षभरात इतक्यांदा आला, की व्हॉट्सॲपवर निरोप पाठवणाऱ्या काकांचं नाव दिसलं की मी आधी लॅपटॉप उघडायचो आणि मग मेसेज. साइट चार भाषांत आहे. शेतकऱ्यांसाठी मराठी, बऱ्हाणपूर आणि दिल्लीच्या व्यापाऱ्यांसाठी हिंदी, सुरतेकडच्यांसाठी गुजराती, निर्यातवाल्यांसाठी इंग्रजी. व्यापारी वरच्या कोपऱ्यात 'हिंदी' दाबतो, पान हिंदी होतं. 'आजचा भाव' दाबतो, पान मराठी. पुन्हा 'हिंदी' दाबतो, तर थेट मुखपृष्ठावर जाऊन पडतो. भाव राहिला बाजूला.

मी दुरुस्त करायचो. आठ-पंधरा दिवस शांत जायचे. मग पुन्हा तोच निरोप.

दर वेळी वाटायचं की जुनाच बिघाड उलटला. नंतर एका दिवाळीच्या सुट्टीत भुसावळला घरी बसून सगळ्या तक्रारी तारखेनिशी एका कागदावर मांडल्या, तेव्हा कळलं की बिघाड दर वेळी वेगळा होता. लक्षण मात्र एकच, म्हणून मी फसत होतो. ताप एकच, पण कधी मलेरिया, कधी टायफॉइड, आणि मी प्रत्येकाला क्रोसिन देत बसलो होतो. तुमच्याही साइटची भाषा आपोआप उलटत असेल, तर खालचं त्या क्रमाने तपासा.

एक खुलासा आधीच: पत्ते आणि कोड मी इथे देवनागरीत लिहितोय. 'एमआर', 'एचआय', 'जीयू', 'ईएन' म्हणजे मराठी, हिंदी, गुजराती, इंग्रजीचे दोन अक्षरी कोड. प्रत्यक्ष पत्त्यात ते अर्थातच लहान रोमन अक्षरांत असतात.

घरात कर्ते किती?

पान कुठल्या भाषेत दाखवायचं हे सर्व्हरला चार ठिकाणांहून कळू शकतं. पत्त्यात डोमेननंतर '/एचआय/' असेल तर तिथून. आधीच्या भेटीत ब्राउझरमध्ये ठेवलेल्या छोट्या नोंदीतून, म्हणजे कुकीतून, किंवा सर्व्हरवरच्या तशाच नोंदीतून, म्हणजे सेशनमधून. ब्राउझर प्रत्येक विनंतीसोबत 'ॲक्सेप्ट-लँग्वेज' नावाचा हेडर (विनंतीला जोडलेली माहितीची ओळ) पाठवतो, त्यात फोनची भाषा असते, तिथून. आणि काही हौशी मंडळी आयपी पत्त्यावरून गाव ओळखायला जातात, तिथून.

घरात चार कर्ते असले की काय होतं ते सांगायला नको.

आयपीचं तर आपल्या भागात सोडूनच द्या. मोबाइल डेटाचा आयपी भलत्याच मोठ्या शहराचा निघतो. आणि गाव बरोबर निघालं तरी काय? नवापूरच्या रेल्वे स्टेशनावर राज्याची सीमा फलाटातूनच जाते, अर्धं स्टेशन महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातमध्ये. तिथल्या बाकावर बसलेल्या माणसाला तुम्ही मराठी पान देणार की गुजराती? तो दोन्ही बोलतो, घरी कदाचित मावची बोलतो, आणि भाव हिंदीत वाचतो. गाव म्हणजे भाषा नव्हे, निदान खान्देशात तरी नाही.

फोनच्या भाषेचंही तसंच. आमच्या गटातल्या निम्म्याहून जास्त शेतकऱ्यांचे फोन इंग्रजीत आहेत, कारण दुकानदाराने तसेच चालू करून दिले आणि कोणी बदलले नाहीत. त्यांना इंग्रजी पान दिलं की ते म्हणतात साइट बंद पडली.

म्हणून माझा नियम आता एकच: भाषा पत्ता ठरवणार. पत्त्यात '/एचआय/' आहे ना, मग कुकी मराठी म्हणो, फोन इंग्रजी म्हणो, पान हिंदीच. कुकीला आणि फोनच्या भाषेला फक्त एका जागी बोलू द्यायचं, कोणी नुसतं डोमेन टाकून आला तर त्याला कुठल्या दारातून आत घ्यायचं एवढ्यापुरतं. याचा फायदा असा, की व्यापाऱ्याने दुवा आपल्या मुनीमाला पाठवला तर मुनीमाला तेच पान त्याच भाषेत दिसतं. कुकी व्हॉट्सॲपवरून फॉरवर्ड होत नाही.

तुमच्या साइटवर कर्ता कोण आहे हे शोधायला पाच मिनिटं पुरतात. कमांड लाइनवर 'कर्ल' वापरून हिंदी पानाचे हेडर मागवा. कर्ल स्वतःहून कुकी पाठवत नाही आणि भाषाही पाठवत नाही, त्यामुळे कोरी पाटी मिळते. मग तीच विनंती 'ॲक्सेप्ट-लँग्वेज'मध्ये मराठी घालून करा, मग गुजराती घालून, मग मराठीची कुकी जोडून. चारही वेळा उत्तर तेच हिंदी पान आणि स्थिती २००, म्हणजे 'ठीक', आली पाहिजे. एकदा जरी ३०१ किंवा ३०२, म्हणजे 'दुसऱ्या पत्त्यावर जा' (रीडायरेक्ट), आलं, तर 'लोकेशन' हेडर वाचा. कोण कुठे ढकलतोय ते तिथे लिहिलेलं असतं. कमांड लाइनची भीती वाटत असेल तर क्रोममध्ये एफ-१२ दाबून 'नेटवर्क' उघडा, 'प्रिझर्व्ह लॉग'वर खूण करा, आणि सगळ्यात पहिली ओळ बघा. खूण केली नाही तर पान बदलताच जुनी ओळ पुसली जाऊ शकते आणि तुम्ही निरपराध पानाची झडती घेत बसता.

तयार प्रणाली वापरत असाल तर हा कर्ता सेटिंगमध्ये लपलेला असतो. द्रुपलमध्ये भाषा ओळखण्याच्या पद्धतींची यादी असते आणि तिचा क्रम बदलता येतो, त्यात यूआरएल सगळ्यात वर हवं. वर्डप्रेसवर पॉलिलँग असेल तर ब्राउझरची भाषा ओळखण्याचा पर्याय बंद करा, डब्ल्यूपीएमएल असेल तर त्याचा ब्राउझरच्या भाषेप्रमाणे रीडायरेक्ट करण्याचा पर्याय. भाषेची सेटिंग बदलल्यावर वर्डप्रेसच्या पर्मालिंकच्या (पत्त्यांच्या रचनेच्या) पानावर जाऊन एकदा नुसतं 'सेव्ह' दाबायचं, नाहीतर '/एचआय/' पत्ते ४०४, म्हणजे 'पान सापडलं नाही', देतात आणि तुम्ही प्लगइनला शिव्या घालता. जँगो या फ्रेमवर्कमध्ये भाषा ठरवणारं 'लोकेल मिडलवेअर' हे यादीत सेशन मिडलवेअरच्या नंतर आणि कॉमन मिडलवेअरच्या आधी लागतं. मी एकदा ते शेवटी टाकून ठेवलं होतं आणि दीड दिवस भाषांतराच्या फाइली तपासत होतो.

मेनूतले दुवे

काकांची पहिली तक्रार इथली होती. मेनूत 'आजचा भाव'चा दुवा हाताने टाकलेला: '/भाव/'. पुढे भाषेचा कोड नाही. कोड नसलेला पत्ता म्हणजे मूळ भाषा, म्हणजे मराठी. हिंदी पानावरचा माणूस तो दाबतो आणि सर्व्हर प्रामाणिकपणे मराठी देतो. सर्व्हरची चूक शून्य.

दुवे कधीही हाताने लिहू नका, फ्रेमवर्कने दिलेल्या फंक्शनकडून घ्या, म्हणजे कोड आपोआप लागतो. हे सगळ्यांना माहीत असतं. पण हाताने लिहिलेले दुवे ज्या जागी लपतात त्या सांगतो: फूटर, 'शोधा'ची चौकट, फॉर्म भरल्यानंतरचं 'धन्यवाद' पान, लोगोवरचा दुवा, आणि संपादकाने लेखाच्या मजकुरात चिकटवलेले दुवे. शेवटचे सगळ्यात चिवट. नवतीवरच्या (नव्या लागवडीच्या केळीवरच्या) मराठी लेखात पिलबागच्या (जुन्या झाडाच्या पिलांवर धरलेल्या बागेच्या) लेखाचा दुवा असतो, भाषांतर करणारा मजकूर हिंदी करतो आणि दुवा तसाच ठेवतो. ब्राउझरमधून हे पकडत बसू नका, सरळ डेटाबेसमध्ये शोधा: हिंदी नोंदींच्या मजकुरात '/एमआर/' किंवा बिनकोडाचे दुवे किती आहेत. आमच्याकडे चाळीसेक निघाले.

आणखी एक जागा, जी मला फार उशिरा सापडली. ऑर्डर नोंदली की व्यापाऱ्याला एसएमएस जायचा, त्यात ऑर्डरच्या पानाचा दुवा. तो नेहमी मराठी. कारण एसएमएस पाठवणारं काम पडद्यामागे, रांगेत चालतं. तिथे ना ब्राउझर, ना पत्ता, ना कोणी पाहुणा. त्यामुळे चालू भाषा म्हणजे मूळ भाषा. उपाय असा की ऑर्डर घेतानाच ग्राहकाची भाषा नोंदीत साठवायची, आणि दुवा बनवण्यापूर्वी ती भाषा तात्पुरती चालू करायची. जँगोत त्याला 'ट्रान्सलेशन ओव्हरराइड' आहे, बाकीकडेही काहीतरी असतंच.

पेरूची गोष्ट

आता भाषा बदलायचं बटण. त्याचं काम एका वाक्यात सांगता येतं: आहे त्याच पानावर राहून फक्त भाषा बदलणं. पण हे बटण नीट लिहिलेलं मी फार कमी ठिकाणी पाहिलं आहे, आणि त्यात माझी स्वतःची पहिली आवृत्तीही नव्हती.

सगळ्यात सोपी आणि सगळ्यात उद्धट पद्धत म्हणजे प्रत्येक भाषेसाठी तिच्या मुखपृष्ठाचा दुवा देणं. तीन पातळ्या उतरून भावाच्या तक्त्यापर्यंत आलेल्या माणसाला पुन्हा दारात नेऊन उभं करायचं.

दुसरी पद्धत, चालू पत्त्याच्या आधी नवा कोड चिकटवणं. त्यात जुना कोड काढायचा राहिला की '/एमआर/एचआय/भाव/' असा दुमजली पत्ता तयार होतो. लॉगमध्ये तीन-तीन मजले चढलेले पत्ते मी पाहिलेत.

तिसरी माझी. पत्त्यातला जुना कोड शोधायचा आणि त्या जागी नवा टाकायचा. जावास्क्रिप्टच्या दोन ओळी. चाचणीत झकास चालली. मग गटाने केळीच्या जोडीला पेरू विकायला काढला. त्या पानाचा पत्ता इंग्रजी नावाचा, 'ग्वाव्हा'. त्याची पहिली दोन रोमन अक्षरं कोणती? जी आणि यू. गुजरातीचा कोड. गुजराती पेरूच्या पानावरून कोणी 'मराठी' दाबलं की माझा कोड दोन्ही 'जीयू' बदलायचा, आणि पत्ता व्हायचा '/एमआर/एमआर-आव्हा/'. असं फळ जगात नाही, म्हणून ४०४, आणि ४०४ आलं की मराठी मुखपृष्ठावर पाठवण्याचा नियमही मीच लिहून ठेवलेला. काकांना दिसायचं ते एवढंच: पेरू दाबला, घरी आलो. पुढे तपासताना लक्षात आलं की गटाच्या इतिहासाचं पानही बळी पडणार होतं. 'हिस्टरी'ची सुरुवात एच-आयने होते.

बरोबर पद्धत अशी की पत्ता तिरप्या रेघांवर तोडायचा. पहिला तुकडा आपल्या चार कोडांच्या यादीत अख्खाच्या अख्खा जुळला तरच तो बदलायचा, बाकी कशाला हात लावायचा नाही. प्रश्नचिन्हाच्या पुढचा भागही सोबत न्यायचा, नाहीतर माणसाने तारीख निवडून काढलेला भाव भाषा बदलताच आजच्या तारखेवर येतो. आणि प्रत्येक भाषेत पानाचं नाव वेगळं असेल, म्हणजे मराठीत 'केळी' आणि हिंदीत 'केला', तर अक्षरांची अदलाबदल चालणारच नाही. तेव्हा सर्व्हरलाच विचारायचं की या नोंदीचा हिंदी पत्ता काय, आणि तो बटणात भरायचा. खरं तर बटण म्हणजे नुसते चार साधे दुवे असावेत, जावास्क्रिप्ट नकोच. नेट कमी असलेल्या शिवारातही दुवा चालतो.

रोज सकाळी हिंदी

ही तक्रार मात्र उलटी होती. "भाऊ, सकाळी सकाळी साइट हिंदी होते, चहा झाला की नीट."

मी हसलो होतो. मग तीन दिवस लागले.

त्या वेळी नुसतं डोमेन उघडलं की सर्व्हर फोनची भाषा बघून तिथेच, पत्ता न बदलता, त्या भाषेतलं मुखपृष्ठ द्यायचा. समोर एक कॅश, म्हणजे तयार पान साठवून तेच पुन्हा देणारी सोय, बसवलेली, एक तासाची. कॅश पान साठवते ती पत्त्याच्या नावाने. पत्ता एकच, भाषा चार. मग पहाटे ज्याने पहिल्यांदा साइट उघडली त्याची भाषा पुढच्या तासभर सगळ्यांना. दिल्लीचे व्यापारी पहाटेच बाजारात असतात, त्यांचे फोन हिंदीत. ते भाव बघून जायचे, आणि आमचे शेतकरी सहा-सातला उठून हिंदी मुखपृष्ठ बघायचे. तास संपला की पान शिळं होऊन जायचं आणि पुढच्या माणसाची भाषा लागायची. चहाचा काही संबंध नव्हता.

हे ओळखायची खूण म्हणजे उत्तरात येणारा 'एज' हेडर. त्यात शून्यापेक्षा मोठा आकडा असेल तर पान सर्व्हरने बनवलेलं नाही, मधल्या कॅशने दिलेलं आहे, आणि ते किती सेकंद जुनं ते तो आकडा सांगतो.

पुस्तकी उपाय 'व्हेरी: ॲक्सेप्ट-लँग्वेज' हा हेडर पाठवण्याचा. कॅशला त्यातून कळतं की भाषेप्रमाणे पान वेगळं ठेवायचं. मी तो लावला आणि काढला. एक तर प्रत्येक फोनचा हा हेडर थोडा थोडा वेगळा असतो, हिंदी आणि इंग्रजी, इंग्रजी आणि हिंदी आणि मराठी, शेकडो तऱ्हा. प्रत्येकासाठी वेगळी प्रत साठवली की कॅश असून नसल्यासारखी. दुसरं, काही सीडीएन (ठिकठिकाणी अशी कॅश ठेवणाऱ्या सेवा) या हेडरकडे लक्षच देत नाहीत. शेवटी मूळ डोमेनवर मजकूर द्यायचाच नाही असं ठरवलं. तिथून फक्त ३०२ ने '/एमआर/' किंवा '/एचआय/'कडे पाठवायचं, आणि त्या ३०२ सोबत 'कॅश-कंट्रोल: नो-स्टोअर'. बाकी भाषेच्या पत्त्यांवरची पानं हवी तेवढा वेळ कॅशमध्ये राहोत. एका पत्त्यावर एकच भाषा असल्यावर कॅश चुकणार कशी?

३०२ म्हटलं ते मुद्दाम. ३०१ म्हणजे 'कायमचं हललो', आणि ब्राउझर तो शब्द मनावर घेतो. एकदा ३०१ ने मराठीकडे पाठवलं की पुढच्या वेळी तो सर्व्हरला न विचारताच मराठीकडे जातो. कुकी बदला, सेटिंग बदला, त्याला पत्ताच नाही. गंमत म्हणजे इन्कॉग्निटो खिडकीत सगळं ठीक दिसतं, म्हणून आपण ग्राहकाला सांगतो की माझ्याकडे तर चालतंय. याहून वाईट एक प्रकार मी करून ठेवला होता. आधी मूळ डोमेनवरून '/एमआर/'कडे ३०१ होता. मग एकदा वाटलं, मराठीला कोड कशाला, मूळ पत्त्यावरच मराठी ठेवू, आणि '/एमआर/'वरून मूळ डोमेनकडे ३०१ लावला. जुन्या पाहुण्यांच्या ब्राउझरला पहिला ३०१ पाठ होता. झालं, हा त्याच्याकडे पाठवतो आणि तो याच्याकडे, शेवटी ब्राउझरच 'टू मेनी रीडायरेक्ट्स' म्हणून थकतो. ते सर्व्हरवरून मिटवता येईना. जुने नियम परत लावले आणि गप्प बसलो. मराठीला कोड ठेवायचा की नाही हे पहिल्या दिवशी ठरवा आणि मग त्याला हात लावू नका. मी म्हणेन ठेवा. मराठीला काही कमीपणा येत नाही.

'पेड़' सापडत नाही

पत्ते देवनागरीत ठेवणाऱ्यांसाठी हा भाग. बाकीच्यांनी सोडला तरी चालेल.

आधी लांबीचा हिशेब. 'केळी' या शब्दात युनिकोडची चार चिन्हं आहेत. यूटीएफ-८ मध्ये प्रत्येकाचे तीन बाइट, आणि पत्ता कॉपी केला की प्रत्येक बाइटची टक्केचिन्हासह तीन अक्षरं होतात. म्हणजे 'केळी' ३६ अक्षरांचा. एका पूर्ण वाक्याचा पत्ता एसएमएसमध्ये टाकून बघा, वाचणाऱ्याला फसवणुकीचा मेसेज वाटतो.

पण भाषा उलटण्याचं कारण वेगळंच. हिंदीत 'केले के पेड़ की देखभाल' असं एक पान होतं. मेनूतून दाबलं की मराठी मुखपृष्ठ, शोधून उघडलं की बरोबर. दोन्ही पत्ते शेजारी ठेवले तर डोळ्याला तसूभर फरक नाही. फरक 'ड़'मध्ये होता. युनिकोडमध्ये नुक्त्यासह 'ड़' हे एक स्वतंत्र चिन्ह आहे, आणि 'ड'नंतर नुक्ता अशी दोन चिन्हं मिळूनही तेच अक्षर दिसतं. पानाचं नाव ऑफिसच्या संगणकावर टंकलेलं, मेनूतला दुवा कोणीतरी फोनवरून. कीबोर्ड वेगळे, बाइट वेगळे, सर्व्हरच्या लेखी दोन वेगळी पानं. न सापडल्यावर माझा तो ४०४ चा परोपकारी नियम होताच.

पत्ता साठवताना आणि शोधताना दोन्ही वेळा मजकूर एनएफसी या युनिकोडने ठरवलेल्या एकसारख्या रूपात आणला की हे मिटतं. त्याचा स्वभाव मात्र लक्षात ठेवा: 'ड़'ला तो नेहमी दोन चिन्हांत तोडतो, आणि 'र' अधिक नुक्ता असेल तर तो जोडून एकच 'ऱ' करतो. 'वऱ्हाड'सारख्या शब्दात आणखी एक खोडी आहे. तिथला अर्धा र काही कीबोर्ड 'ऱ'पासून बनवतात, तर काही साधा 'र', हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह वापरून. एनएफसी या दुसऱ्या प्रकाराला हात लावत नाही, ते तुम्हालाच बदलून घ्यावं लागतं. मी शेवटी पत्ते रोमन केले. मन खट्टू झालं, पण फोन येणं थांबलं. आणि ४०४ ला मुखपृष्ठावर पाठवायचा नियम त्याच दिवशी काढला. पान नाही तर नाही म्हणावं, त्याच भाषेत.

एमएच म्हणजे मराठी नव्हे

कोड निवडताना लोक काय काय करतात! एका ओळखीच्याने मराठीसाठी 'एमएच' ठेवला होता, गाडीच्या पाटीवरून. जळगावची एमएच १९, धुळ्याची १८, नंदुरबारची ३९, म्हणून भाषाही एमएच. आयएसओच्या यादीत 'एमएच' हा प्रशांत महासागरातल्या मार्शल बेटांच्या भाषेचा कोड आहे. दुसऱ्याने हिंदीसाठी 'आयएन' ठेवलेला. तो एके काळी इंडोनेशियनचा कोड होता. पत्त्यात काहीही लिहिलं तरी पान उघडतं, म्हणून चूक दिसत नाही. पण तोच कोड पानाच्या 'लँग' गुणधर्मात (मजकुराची भाषा ब्राउझरला सांगणाऱ्या जागेत) आणि गूगलसाठीच्या खुणांत जातो, आणि तिथे गोंधळ होतो.

'लँग'चीच एक सुंदर खूण सांगतो. नोटो देवनागरीसारख्या काही फाँटांत मराठी 'ल' आणि 'श' वेगळे आणि हिंदी वेगळे असतात. कोणता काढायचा हे फाँट 'लँग' बघून ठरवतो. आमच्या हिंदी पानावर 'केला' हा शब्द मराठी वळणाच्या 'ल'ने दिसत होता. मजकूर हिंदी, पत्ता हिंदी, पण पानाच्या साच्यात (टेम्प्लेटमध्ये) 'लँग' मराठीवरच गोठलेला. त्यामुळे क्रोम त्या पानाचं भाषांतर करू का असं उगाच विचारायचा. आता मी कुठलीही मराठी-हिंदी साइट उघडली की आधी 'ल' बघतो.

अहिराणीचा अनुभव वेगळा लिहिण्यासारखा आहे. साक्रीच्या एका ताई बिबडे, उडदाचे पापड आणि कळण्याचं पीठ विकतात. साइटचं ठरल्यावर म्हणाल्या, "आपली अहिराणीमा बी पाहिजे, भाऊ." अहिराणीला दोन अक्षरी कोड नाही. तीन अक्षरी यादीत आहे, 'एएचआर'. तो पत्त्यात चालतो आणि 'लँग'मध्येही वैध आहे. पण मी वापरत होतो त्या प्लगइनचा नियम नेमकी दोन अक्षरं मागणारा होता. तीन अक्षरं आली की ते त्याला भाषा न समजता पान समजायचं आणि मराठीत जाऊन शोधायचं. नियम दोन किंवा तीन अक्षरांचा केला, चाललं. पानाच्या इतर भाषांतल्या आवृत्त्या कुठे आहेत हे गूगलला सांगणाऱ्या 'एचरेफलँग' खुणेत मात्र दोन अक्षरी कोडच चालतात, म्हणून अहिराणी पान त्या यादीत घातलं नाही, साध्या दुव्यांनी जोडलं.

आणि फोनच्या भाषांच्या यादीत मला कुठे अहिराणी दिसलेली नाही. म्हणजे फोनची भाषा बघून पान देणाऱ्या साइटवर अहिराणी कधी उघडणारच नाही, कोणाच्याच फोनवर. पत्ता होता म्हणून ताईंना ते पान भाऊबंदांच्या ग्रुपवर टाकता आलं. ऑर्डरी मराठी पानावरून जास्त येतात, पण ग्रुपवर फिरतं ते अहिराणीच.

गूगलला एकच भाषा दिसते

हे थोडक्यात. गूगलबॉट सहसा 'ॲक्सेप्ट-लँग्वेज' पाठवत नाही आणि कुकी बाळगत नाही, त्यामुळे त्यांच्यावर अवलंबून दिलेली भाषा त्याला दिसतच नाही. प्रत्येक पानावर सगळ्या भाषांचे पूर्ण पत्ते 'एचरेफलँग'ने द्या, स्वतःचाही. हिंदी पान मराठीकडे बोट दाखवत असेल तर मराठीनेही उलट दाखवलं पाहिजे, एकतर्फी खूण धरली जात नाही. मूळ डोमेनला 'एक्स-डिफॉल्ट', म्हणजे 'कुठलीच भाषा जुळली नाही तर हे', अशी खूण द्या. आणि 'कॅनॉनिकल', म्हणजे अस्सल पान कोणतं हे सांगणारी खूण, तपासा. चारही भाषांचं कॅनॉनिकल मराठी पानाकडे असेल, तर तुम्हीच गूगलला सांगताय की बाकी तीन नकला आहेत. आमच्याकडे तसंच होतं, एका एसईओ प्लगइनच्या कृपेने.

भाषांतरच झालेलं नसेल तर? आमच्या गुजरातीत पिलबागचं पान आजही नाही. आधी '/जीयू/' पत्त्यावर गुपचूप मराठी मजकूर दिसायचा, आणि सुरतेचा माणूस मला फोन करून भाषा बिघडल्याचं सांगायचा. आता त्या पानावर 'ગુજરાતી' हा दुवा फिकट दिसतो, दाबला तर 'हे पान अजून गुजरातीत नाही' असं गुजरातीतच सांगतो आणि खाली मराठी व हिंदीचे दुवे देतो. बिघाड आणि उणीव यांतला फरक माणसाला कळतो, फोन येत नाहीत.

एक मात्र उरलंय. साइट नवी होती तेव्हा पत्त्यात कोड नव्हता, प्रश्नचिन्हापुढे 'लँग बरोबर एचआय' असं लिहायचो, आणि तोच पत्ता क्यूआर करून केळीच्या खोक्यांवर छापला गेला. खोकी हजारांनी छापलेली. नवी रचना आल्यावर जुन्या प्रत्येक पत्त्याला नव्या पत्त्याकडे ३०१ दिला, इथे मात्र ३०१ च बरोबर, कारण हे खरंच कायमचं. मागच्या महिन्यात सर्व्हर बदलताना ती ओळ न्यायची राहिली. दोन दिवसांनी काकांचा निरोप: "भाऊ, पुन्हा मराठी झालं." या वेळी लॅपटॉप उघडायच्या आधी मी विचारलं, खोक्यावरून स्कॅन केलं का? हो म्हणाले.